दादांच्या गाडीची मूठ

आमच्या घरात हार मानायला कुणाला शिकवलेलंच नाही. त्याचे तोटे किती, ते आईला विचारा. जेवायला हाक मारली तर हातातलं काम पुरं झाल्याशिवाय कुणी उठत नाही, आणि भांडण झालं तर आधी बोलायला कुणी तयार नसतं. पण त्या सकाळी दादांची जुनी गाडी अंगणात उभी होती आणि तिच्या गिअरची मूठ काही केल्या निघत नव्हती, तेव्हा या हट्टी घराण्याचा मला जो अभिमान वाटला तो अजून उतरलेला नाही.

दादा म्हणजे माझे वडील. टर्नर. सगळा जन्म त्यांनी लेथपुढे, म्हणजे धातू कातायच्या यंत्रापुढे, उभं राहून काढला. आता ते वर्कशॉप मी चालवते. दादा मात्र रोज येतात, दाराजवळच्या स्टुलावर ठाण मांडतात, आणि मी केलेला प्रत्येक नग गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्यांच्या हातातून जातो. बोल्ट असो की बुश, ते त्याच्या आट्यांवरून, म्हणजे त्या गोल फिरत जाणाऱ्या खाचांवरून, अंगठ्याचं नख फिरवतात. नख कुठे अडखळलं नाही तर नग त्यांच्या उजव्या हाताच्या ट्रेमध्ये जातो. अडखळलं तर मुकाट्याने भंगाराच्या डब्यात. त्यांचे डोळे हल्ली अधू झालेत, पण नखाला काही झालेलं नाही.

गिऱ्हाइकंही एकेक वस्ताद. नग घेतात माझ्या हातून, आणि विचारतात काय, तर "दादांनी नख फिरवलं ना?"

माझा नग भंगारात जायचा बंद झाला त्याला जमाना लोटला. तरी नख काही चुकत नाही. मी कधी वैतागून म्हणायचे, "दादा, अजून विश्वास नाही का?" ते म्हणायचे, "सवय आहे गं, दुसरं काय." सवय म्हणे! मला एवढंच हवं होतं की एकदा, एकदाच, माझा नग त्यांनी नख न लावता पुढे जाऊ द्यावा. शाबासकी वगैरे नकोच होती मला. खोटं कशाला बोलू, तीही हवी होती.

तर ती गाडी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दादांना गाडी चालवायला साफ मनाई केली. दादा काही दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मग एकदा जेवताना पान पुढे सारत म्हणाले, "देऊन टाका भंगारात." गाडीचा तळ गंजून गेला होता, इंजिन दम्याच्या पेशंटसारखं धापा टाकायचं, तेव्हा विकत कुणी घेतलीच नसती. भंगारवाला ठरला. दुपारी येऊन ओढून नेणार होता.

"मूठ मात्र मी काढून घेणार," मी म्हटलं. "माझ्या गाडीला बसवणार."

ती मूठ दादांनी स्वतः केलेली होती. कंपनीने दिलेली काळी प्लास्टिकची मूठ सारखी सैल व्हायची. एकदा भर चौकात ती दादांच्या हातातच आली, मागे हॉर्नचा कल्ला सुरू झाला, आणि शेजारी बसलेल्या आईने विचारलं, "अहो, आता गाडी घरी नेताय की नुसती मूठ?" दादांना ते फार लागलं. त्याच आठवड्यात त्यांनी भरीव पितळेची मूठ वळवली. तळहातात नेमकी मावेल अशी, माथ्यावर गिअरचा नकाशा कोरलेली. त्यानंतर ती कधी सैल झाली नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या हाताने घासून घासून कोरलेल्या रेघा पुसट झाल्या, पण पितळ असं चकाकायचं की आम्ही लहानपणी त्यात तोंड बघून दात विचकायचो.

"निघाली तर खुशाल घे," दादा म्हणाले. "पण कापायची नाही, ठोकायची नाही, ओरखडा पाडायचा नाही. नाही निघाली तर जाऊ दे गाडीबरोबर."

"मग कशी काढायची ते तरी सांगा."

"मी सांगू? वर्कशॉप कोण चालवतं?"

असं म्हणून त्यांनी अंगणात खुर्ची ओढली आणि चहाचा कप घेऊन ते नाटक बघायला बसावं तसे बसले.

हे त्यांचं जुनं आहे. मी काम शिकत होते तेव्हा ते कुठलीतरी जोडलेली वस्तू माझ्यापुढे टाकायचे आणि म्हणायचे, "उघड." मी कितीही डोकं खाल्लं तरी उत्तर एकच: "उघडण्याआधी बसवणाऱ्याला ओळख." कुणी बसवलंय, कुठल्या हाताने, काय डोक्यात ठेवून, ते बघ म्हणजे वाट सापडेल. त्यावर मी कितीतरी अडलेली यंत्रं उघडली आहेत. पण समोर स्वतःचा बाप बसलेला असला की माणूस त्याला ओळखायला जात नाही. आपण ओळखतोच, असं धरून चालतो.

मी शेजारच्या सीटच्या दारातून आत वाकले आणि मुठीला हात घातला. फिरवली. ढिम्म. फडकं गुंडाळून फिरवली. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावून फिरवली. मूठ जणू त्या दांड्यालाच फुटलेली होती. माझ्या तळहाताची सालं निघायची वेळ आली.

एवढ्यात धाकटा भाऊ आला. त्याला सगळे पैलवान म्हणतात. कुस्ती तो आयुष्यात खेळलेला नाही, पण बेकरी आहे त्याची, आणि रोज मैद्याचे डोंगर मळून दंड असे झालेत की शर्टाच्या बाह्या शिवणीत उसवतात. ब्रेडची गरम पिशवी आईच्या हातात देत तो म्हणाला, "हो बाजूला, ताई. तुझ्या हातात जोर नाही."

"ये बाबा, ये. बघू तुझा जोर."

त्याने पाय दाराच्या कडेला रोवला, दात खाल्ले आणि जोर लावला. गाडी हलली. अख्खी गाडी. आई ओरडली, "अरे, मूठ काढायचीय, गाडी उलटायची नाहीये!"

"हलली!" पैलवान किंचाळला. "ताई, शप्पथ, हलली! जराशी फिरली!"

मी पुढे झाले. पण नंतर त्याने पुन्हा जोर लावला, पुन्हा लावला, आणि मूठ आधीपेक्षाही घट्ट. त्याचा चेहरा बीटासारखा लाल झाला. दादांनी चहाचा एक घोट घेतला. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू असणार.

माझं डोकं फिरलं. मी घरात गेले आणि पाईप पाना घेऊन आले. त्याच्या जबड्यात धरला की कुठलाही नळ मुकाट सुटतो. फडकं दुहेरी केलं, मुठीवर गुंडाळलं, पान्याचा जबडा लावला. दात फडक्यातून आरपार जाणार हे मला दिसत होतं. दादांचा कप हवेत थांबला आणि त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं, दवाखान्यात सुई टोचताना लहान मूल वळवतं तसं.

मी पाना खाली ठेवला. माझ्याच्याने ते झालं नसतं. त्या पितळेत मी दात विचकलेले होते.

तेवढ्यात भंगारवाल्याचा ट्रक आला. दुपार व्हायला अवकाश होता, पण भंगारवाले आणि पाहुणे वेळेवर कधी आलेत? त्याने उतरून साखळी सोडली, गाडीला हूक अडकवला, आणि आमची तोंडं बघून आत डोकावला.

"एवढंच ना? कटर आहे माझ्याकडे. दांडाच कापून देतो, हां हां म्हणता."

"नको," दादा म्हणाले.

"अहो, दांडा तसाही भंगारातच—"

"कापायची नाही म्हटलं ना." मग ते खुर्चीतून उठले. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. "घेऊन जा. नाही निघत तर नाही निघत." आणि त्यांनी गाडीच्या टपावर तळहात ठेवला. आवाजात थट्टा उरली नव्हती. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं.

आणि मला राग आला. भंगारवाल्याचा नाही, मुठीचा नाही, दादांचाही नाही. माझा. या माणसाने मला हात धरून लेथवर उभं केलं, आणि त्याने बसवलेली एक वस्तू मला उघडता येऊ नये?

"थांबा," मी म्हटलं. "कुणी काही ओढायचं नाही."

सकाळपासून मी बाजूच्या दारातून वाकून झटापट करत होते. आता पहिल्यांदाच दादांच्या जागेवर बसले, दार लावून घेतलं, आणि हात मुठीवर ठेवला. जोर न लावता, नुसता ठेवला.

तेव्हा मला नकाशा दिसला. माथ्यावरच्या गिअरच्या रेघा दादांनी नेहमी सरळ ठेवलेल्या, अगदी काटकोनात. आता त्या तिरक्या होत्या. डावीकडे कललेल्या. म्हणजे पैलवान खोटं बोलत नव्हता, मूठ खरंच फिरली होती. जगातला कुठलाही स्क्रू डावीकडे फिरवला की सुटतो, बाटलीचं झाकणसुद्धा. मग ही डावीकडे फिरली आणि जास्त घट्ट झाली, ती कशी?

बसवणाऱ्याला ओळख.

मी डोळे मिटले. मागच्या सीटवर बसलेली मी, पुढे दादांची मान, आणि दोन सीटांच्या मधल्या फटीतून दिसणारा त्यांचा हात. लाल दिवा. गाडी थांबलेली. हात मात्र थांबलेला नाही.

काच खाली करून मी विचारलं, "आई, सिग्नलला थांबल्यावर दादांचा हात काय करायचा गं?"

"काय करणार? त्या मुठीचा कान पिरगळायचा," आई म्हणाली. "एक क्षण स्वस्थ बसायला नको या माणसाला. दिवा हिरवा होईपर्यंत पिळत बसायचे."

"कुठल्या बाजूला?"

आईला विचार करावा लागला नाही. सगळा संसार तिने त्या हाताशेजारी बसून पाहिला होता. तिने हात पुढे केला आणि मनगट फिरवलं. डावीकडे.

मला हसू फुटलं, इतकं की भंगारवाला घाबरून मागे सरला. म्हणून कंपनीची मूठ सारखी सैल व्हायची! दोष मुठीचा नव्हताच, दादांच्या हाताला असलेल्या चाळ्याचा होता. दुसरा कुणी असता तर त्याने चाळा सोडला असता. आमच्या दादांनी? त्यांनी आटेच उलटे पाडले. जी उजवीकडे फिरवली तरच सुटेल आणि डावीकडे पिळली की आवळेल, अशी मूठ केली. म्हणजे प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक लाल दिव्याला, ते ती आवळत आले होते. आणि आज सकाळपासून त्यांची दोन्ही मुलं इमानेइतबारे तेच काम पुढे नेत होती.

"पैलवान, पाणी गरम कर. अगदी उकळतं. आणि पट्टा काढ कमरेचा."

"पट्टा? अगं, पँट—"

"धर एका हाताने."

पितळ लोखंडापेक्षा जास्त फुगतं. गरम केलं की आतल्या लोखंडावरची त्याची पकड ढिली होते. मी जुना टॉवेल उकळत्या पाण्यात बुडवला, चिमट्याने पिळला आणि मुठीभोवती गुंडाळला. निवला की पुन्हा. मग चामड्याचा पट्टा मुठीला वेढा देऊन असा धरला की ओढलं की आवळला जाईल आणि पितळेला दात लागणार नाही. पैलवान एका हाताने पँट सावरत उभा होता. भंगारवाल्याने हातातली साखळी खाली ठेवली होती.

उजवीकडे ओढलं. काही नाही. पुन्हा टॉवेल. पुन्हा ओढलं. खांद्यात कळ आली. आई काहीतरी पुटपुटत होती.

"टक्."

एवढासा आवाज. बंद पडलेल्या कुलपाने आपली किल्ली ओळखावी तसा. मी पट्टा टाकला आणि बोटांनी फिरवू लागले. मूठ लोण्यासारखी फिरत आली, वर वर आली, आणि माझ्या मांडीवर पडली. गरम, जड, चकचकीत. मी सगळ्या बाजूंनी पाहिली. ओरखडा नाही.

दांड्यावर आता उघडा पडला होता दादांनी बसवलेला लोखंडी बुश, पोकळ नळीसारखा, पिन मारून दांड्यावर पक्का केलेला. त्याला आतून दांड्याचे आटे आणि बाहेरून मुठीचे उलटे आटे, तेलात भिजलेले, कालच पाडल्यासारखे. मी काही ठरवलं नव्हतं. हात आपोआप पुढे गेला आणि मी त्या आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

मान वर केली तर दादा खिडकीशी उभे. पहिला नग दाखवायला आलेल्या नवशिक्यासारखे, श्वास धरून.

"कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

मी तोंड वाकडं केलं. "एके ठिकाणी अडखळतंय."

"कुठे?" दादांनी दारच उघडलं. "शक्यच नाही! कुठे अडखळतंय? दाखव मला!"

"थट्टा केली हो, दादा. कुठेच नाही अडखळत."

आई हसली, पैलवान हसला आणि त्याची पँट सुटता सुटता राहिली. दादांनी मात्र माझ्या डोक्यावर एक टप्पल मारली आणि तो हात तिथेच थोडा जास्त वेळ ठेवला. मग गाडी गेली. वळणावर दिसेनाशी होईपर्यंत ते रस्त्याच्या कडेला उभे होते. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, खिशात मूठ घेऊन.

दादा आराम करायला आत गेले तशी मी वर्कशॉप उघडलं. मूठ माझ्या गाडीला बसवायची तर नवा बुश हवा, आतून माझ्या गाडीच्या दांड्याचे आटे, बाहेरून दादांच्या मुठीचे उलटे. उलटे आटे पाडताना सगळं उलटं करावं लागतं. हत्यार आतून बाहेर चालवायचं, आणि आयुष्यभर एकीकडे चाललेल्या हाताला ऐन वेळी दुसरीकडे न्यायचं. पहिला नग मीच भंगारात टाकला. दुसरा जमला. नख फिरवलं, पुन्हा फिरवलं. दाराजवळचं स्टूल रिकामं होतं आणि माझी नजर सारखी तिकडे जात होती. मग मी तो बुश दादांना न दाखवताच पिन मारून बसवला, त्यावर मूठ आवळली, नकाशा सरळ आला, आणि घरी जाऊन म्हटलं, "चला, चक्कर मारून येऊ."

दादा माझ्या शेजारी बसले, आई मागे. रस्ताभर दादा खिडकीबाहेर बघत होते. पहिला सिग्नल आला. मी थांबले. आणि शेजारून त्यांचा हात आला, न बघता, आपल्या घरी यावा तसा, आणि त्याने मूठ पिरगळली. डावीकडे.

मूठ जागची हलली नाही.

पुढच्या सिग्नलला पुन्हा. त्याच्या पुढच्याला पुन्हा, जरा जोरातच. मी समोर बघत राहिले, पण माझे कान तापले होते. हे त्यांचं नखच होतं, मला कळत होतं. आरशात आई माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होती. घरी आलो. दादा उतरले, दार लावलं, आणि एक अवाक्षर न बोलता आत गेले. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले. बोला की! एक शब्द बोलला असता तर काय जीभ झिजली असती?

दुसऱ्या दिवशी सकाळी छापखान्याचा माणूस त्याच्या यंत्राचे बोल्ट न्यायला आला. मी ते आदल्या संध्याकाळी घरी जाण्याआधीच करून ठेवले होते. दादा स्टुलावर बसले होते. मी सवयीने बोल्ट त्यांच्यापुढे धरले. त्यांनी घेतले नाहीत. ते चष्मा पुसत होते.

मी तशीच उभी. छापखानेवाल्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि नेहमीचं विचारलं, "दादांनी नख फिरवलं ना?"

"तिने फिरवलंय," दादा म्हणाले.

"नाही, पण तुम्ही—"

"अरे, सांगितलं ना! तिने फिरवलंय." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी पाडलेले आटे काल तिच्या नखाखालून गेले. धडधडत होतं मला. तुझे बोल्ट काय घेऊन बसलायस?"

छापखानेवाला बोल्ट घेऊन गेला. मी लेथकडे तोंड करून उगाचच त्याचा पट्टा तपासू लागले, कारण माझे डोळे वाहत होते आणि ते आमच्या घरात कुणाला दाखवायची पद्धत नाही. मागे स्टूल सरकल्याचा आवाज आला. दादा उठले होते. त्यांनी आपल्या उजव्या हाताचा ट्रे उचलला, वर्कशॉप ओलांडून आले, आणि तो माझ्या लेथशेजारी, माझ्या उजव्या हाताला ठेवला.